आमची वाटचाल : आधी मीटर, मग गॅस

गाडीचा एसी गार करत नाही म्हटलं की बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं, "गॅस भरून टाका." आमचं गॅरेज या उत्तराशी भांडत उभं राहिलं, आणि याच भांडणापायी एकदा बंद पडायच्या बेतात आलं होतं.

सुरुवात दोघांनी केली. मी वायरिंगमधला, तर भागीदार रेडिओ दुरुस्तीतून आलेले. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना दादाच म्हणायचो. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या, म्हणजे ठरवलेलं तापमान आपोआप राखणाऱ्या एसीच्या, गाड्या येऊ लागल्या तेव्हा बाकीचे मेकॅनिक बिचकले, दादा मात्र खूश. म्हणाले, "अरे, हे तर आपलंच काम. आतून 5 व्होल्ट येतात, मध्ये एक रेझिस्टन्स आणि पुढे थर्मिस्टर, म्हणजे गार झाला की रेझिस्टन्स वाढणारा सेन्सर. दोघांच्या जोडावर किती व्होल्ट आहेत तेवढंच कॉम्प्युटर वाचतो." त्यांनी रेडिओच्या जुन्या व्हॉल्यूम पॉटला (बटण फिरवलं की याचा रेझिस्टन्स कमी-जास्त होतो) दोन वायरी जोडून एक डबी बनवली. सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढायचा, तिथे डबी लावायची आणि बटण फिरवायचं. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, तापमान बटणाबरोबर वरखाली झालं, की वायरिंगही ठीक आणि कंट्रोल युनिटही (हाच तो कॉम्प्युटर) ठीक. मग संशय सेन्सरवर. ती डबी आजही रोज वापरात आहे.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग जवळच एक मोठं गॅरेज सुरू झालं. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. चकचकीत गॅस मशिन, काचेचं ऑफिस आणि प्रत्येक गाडीला एकच औषध.

आमच्याकडे एका ट्रॅव्हल्सच्या मालकाच्या सगळ्या गाड्या यायच्या. त्यांतली एक भर दुपारी मध्येच गरम हवा फेकायची. आमच्याकडे येईपर्यंत एसी सुरू झालेला, सेन्सर मोजला तर रीडिंग बरोबर. आम्ही म्हटलं, गाडी राहू द्या, चालवून बघावी लागेल. मालकांना तेवढा धीर नव्हता. समोरच्या त्या मोठ्या गॅरेजवाल्यांनी कॉम्प्रेसर बदलला. मग क्लायमेट पॅनेल बदललं. वर मालकांना सांगितलं, "त्यांना नुसत्या वायरी कळतात." सगळ्या गाड्या तिकडे गेल्या आणि आमचं जुनं बिल अडकलं ते अडकलंच. कामाची मुलं सोडून गेली. उरलेल्यांचा पगार दादांनी घरातून पैसे आणून केला.

पुढे ती गाडी ड्रायव्हरनेच, मालकांना न विचारता, आमच्याकडे आणली. भर उन्हात कोण किती दिवस गरम हवा खाणार! लॅपटॉप मांडीवर घेऊन मी शेजारी बसलो, बाहेरच्या हवेच्या सेन्सरचं रीडिंग उघडून. खड्ड्यात चाक आदळलं आणि आकडा क्षणभर उणे 40 वर जाऊन परत आला. जोड तुटला की व्होल्टेज खाली ओढणारा सेन्सरच सुटतो, जोडावर पूर्ण 5 व्होल्ट दिसतात, आणि कॉम्प्युटरला वाटतं बाहेर बर्फ पडतोय. मग तो कॉम्प्रेसर चालूच करत नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत हा आकडा घसरला तर लगेच मान्य होतो, चढताना मात्र कॉम्प्युटर सावकाश मानतो, कारण इंजिनची उष्णता सेन्सरला फसवते. म्हणजे बिघाड पापणी लवेपर्यंतचा, एसी मात्र बराच वेळ बंद. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत मीटरला काय सापडणार?

बंपर उतरवला. सेन्सर कंडेन्सरच्या (एसीच्या पुढच्या जाळीच्या) पुढे लटकलेला, कपलरमध्ये हिरवा गंज आणि एक पिन मागे सरकलेली. नवी पिन दाबून बसवली, कपलरचं रबर सील बदललं. संपलं. मालकांचा फोन आला तो आभाराचा नव्हता : "एवढ्याशा पिनेचं कसलं बिल?" कॉम्प्रेसरचं बिल भरताना हा प्रश्न त्यांना पडला नव्हता!

गाडी बरी झाल्याचं त्या ड्रायव्हरने सगळ्या स्टँडवर सांगितलं, त्यावर आम्ही तरलो. नंतरची वर्षं सरळ गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

नव्या मुलांना एवढं सांगतो. कपलर काढल्यावर उणे 40 च्या आसपास आणि त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्यावर एकदम चढा आकडा दिसला, तर वायरिंगला दोष देऊ नका. सेन्सर बदलायच्या आधी कपलरच्या पिना बघा. 25 अंशांना 10 किलोओहम असणारा थर्मिस्टर 20 अंशांना साधारण साडेबारा दाखवतो. म्हणजे गंजाने अडीच किलोओहम वाढवले की कॉम्प्युटरच्या लेखी गाडी पाच अंश गार झाली. केबिनच्या सेन्सरपुढच्या जाळीला पातळ कागद लावून बघा, आत ओढल्या जाणाऱ्या हवेने तो चिकटायला हवा. चिकटला नाही तर आतला छोटा पंखा किंवा नळी धुळीने तुंबली आहे. आणि मीटरची जाड टोकं कपलरच्या तोंडात खुपसू नका, पिन सैल होते आणि गाडी नवा रोग घेऊन जाते. मागून बारीक सुई घाला.

हल्ली समोरच्या गॅरेजमधूनही गाड्या येतात, बहुतेक संध्याकाळी, त्यांच्या पोऱ्याबरोबर. आम्ही घेतो. त्यांना उधारी मात्र नाही.