मोबाइलचं वाळवण

ॲप टेस्टिंगची लॅब, म्हणायचं म्हणून म्हणायचं. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कातल्या एका इमारतीत पँट्रीला लागून असलेली दहा बाय बाराची खोली, लोखंडी रॅक आणि त्यावर ६३ मोबाइल, सगळे चार्जिंगला. सिक्युरिटीच्या काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मॅडम, इतके मोबाइल अन् एकातही सिम नाही?"

सोमवारचं पहिलं काम म्हणजे एकेक मोबाइल सपाट टेबलावर ठेवून बोटानं फिरवायचा. भोवऱ्यासारखा गरगरला की समजायचं, बॅटरी फुगली. रात्रंदिवस शंभर टक्क्यांवर टांगलेल्या लिथियम बॅटरीत हळूहळू गॅस धरतो. (कॅमेऱ्याचं टेंगूळ असलेल्यांची परीक्षा पालथं घालून.) फुगलेला मोबाइल काढायचा आणि वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. दुसरी कटकट केबलची. बर्डीवरून आणलेल्या स्वस्त केबलमधून चार्जिंग होतं, डेटा जात नाही. आत डेटाची तारच नसते. अर्धा दिवस मी ॲपला शिव्या दिल्या आहेत अशा केबलपायी.

मागच्या मे महिन्यात डिलिव्हरीवाल्या पोरांची तक्रार आली : दुपारी बारकोड स्कॅन करताना ॲप अडकतं. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. लॅबमध्ये एसी २४ वर. दोनशेदा स्कॅन केलं, एकदाही अडकलं नाही. डेव्हलपर म्हणाला, "पोरांचे मोबाइलच भंगार आहेत." हे वाक्य आमच्याकडे दर महिन्याला एकदा तरी येतं.

ॲपल आयफोनसाठी बाहेरचं तापमान ० ते ३५ अंश असावं असं सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात सकाळच्या तर्री-पोह्यांच्या प्लेटा धुऊन होईतो ते ओलांडलेलं असतं. ॲन्ड्रॉइडला 'तू तापला आहेस' असं कमांड देऊन खोटंच सांगता येतं, पण त्यानं प्रोसेसर खरोखरचा मंदावत नाही. मग दुपारी दोनला चार मोबाइल ताटात घेऊन गच्चीवर गेले. डोक्याला दुपट्टा, काकांच्या हातात लॅपटॉप. ॲन्ड्रॉइड बॅटरीचं तापमान दहापट करून दाखवतं. स्क्रीनवर ३८१ आलं, मग ४१७, मग ४५२. म्हणजे ४५.२ अंश. तीन मोबाइलनी चार्जिंग थांबवलं, स्क्रीन आपोआप मंद झाली. आणि एकानं टॉर्च लावायला चक्क नकार दिला.

तिथेच सापडलं. पोरं अंधाऱ्या जिन्यात, तळघराच्या पार्किंगमध्ये स्कॅन करतात, म्हणून आमचं ॲप आधी टॉर्च लावायचं आणि मग कॅमेरा. तापलेला मोबाइल टॉर्च देत नाही, आणि आमचं ॲप बसायचं वाट बघत. टॉर्च नाही मिळाला तर पुढे जा, एवढं सांगायला कोणी विसरलं होतं. दुरुस्ती चार ओळींची झाली. भंगार मोबाइलवाला डेव्हलपर दोन दिवस पँट्रीत दिसला नाही.

टेस्टिंगसाठी तापमानाची पेटी मागितली होती. कोटेशन बघून मॅनेजर हसले. त्यामुळे आता प्रत्येक रिलीजच्या आधी, ऊन असेपर्यंत, ताट घेऊन गच्ची.

परवा आभाळ भरून आलं होतं, मी खालीच थांबले. काका दारात येऊन उभे.

"मॅडम, आज वाळवण नाही का?"