नाक, द्राक्ष आणि मधला ‘ओ’

नाक कापलं जाणं म्हणजे नामुष्की. नाशिकने मात्र कापलेल्या नाकावरूनच गावाचं नाव मिरवलं. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक उडवलं ते पंचवटीत, म्हणून हे नासिक, अशी कथा. आणि शूर्पणखा म्हणजे सुपासारख्या नखांची. एका गोष्टीत दोन अवयव आले. त्यात राज्यभरच्या वैद्यकीय परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ पासून इथेच, म्हसरूळला. तरी नर्सिंगची, लॅबची पहिल्या वर्षाची मुलं लांबलचक ग्रीक-लॅटिन वैद्यकीय शब्दांच्या याद्या पाढ्यांसारख्या घोकताना दिसतात. हे शब्द घोकायचे नसतात, फोडायचे असतात. शाळेत संधी आणि समास फोडले, तसेच.

नाकापासूनच सुरुवात करू. ग्रीकमध्ये नाक म्हणजे ‘राइन’. त्याला ‘आयटिस’ म्हणजे दाह जोडला की राइनायटिस. ‘प्लास्टी’ म्हणजे घडवणं, म्हणून नाक घडवण्याची शस्त्रक्रिया ती राइनोप्लास्टी. ‘रिया’ म्हणजे वाहणं. राइनोरिया म्हणजे आपलं साधं नाक गळणं. (कपाळाची कातडी वळवून नाक बसवण्याच्या पुण्याकडच्या शस्त्रक्रियेचं वर्णन १७९४ सालीच लंडनच्या एका मासिकात छापून आलं होतं. जर्मन शल्यविशारद ग्रेफे यांचं या विषयावरचं पुस्तक आलं १८१८ साली. काम आपलं जुनं, बारसं परक्यांनी केलं.)

आता नीट पाहा. राइनायटिसमध्ये ‘ओ’ नाही, राइनोप्लास्टीत आहे. हा मधला ‘ओ’ म्हणजे दोन विटांमधला चुना. प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर तो गळतो, व्यंजनाने सुरू होत असेल तर राहतो. पण दोन अवयव शेजारी आले, तर दुसरा स्वराने सुरू झाला तरी ‘ओ’ जागचा हलत नाही: गॅस्ट्र म्हणजे जठर, एन्टेर म्हणजे आतडं, म्हणून गॅस्ट्रोएन्टेरायटिस. पावसाळ्यात आपण ‘गॅस्ट्रोची साथ’ म्हणतो तेव्हा आतडं आणि दाह दोन्ही गाळून नुसतं जठर आणि त्याला लोंबकळणारा चुना तेवढा बोलतो. समोरच्याला कळतं, म्हणून चालतं.

शब्द वाचायचा शेपटीकडून. ‘राजवाडा’ हा आधी वाडा असतो, मग राजाचा. तसंच कोलेसिस्टेक्टॉमी: शेवटचं ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणं. काय काढलं? ‘कोले’ म्हणजे पित्त, ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी. पित्ताशय काढलं. आता मधलं ‘सिस्ट’ घाईत गिळलं तर उरते कोलेक्टॉमी, आणि ती म्हणजे मोठं आतडं काढणं. तिथे मूळ शब्द ‘कोलो’, पुढे स्वर आला म्हणून ‘ओ’ गळालेला. दोन अक्षरांनी अवयव बदलतो. म्हणून पेन्सिलीने तिरकी रेघ मारत फोडायची सवय पहिल्या आठवड्यातच लावावी. फोड चुकली की अर्थही चुकलाच.

मराठी माणसाला यातलं बरंच घरचंच आहे. ग्रीक नकार व्यंजनापुढे ‘अ’ आणि स्वरापुढे ‘अन्’ होतो. आपणही अज्ञान म्हणतो आणि अनादर म्हणतो, नियम तोच. अॅप्निया म्हणजे श्वास थांबणं, अॅनिमिया म्हणजे शब्दशः रक्त नसणं. डिस म्हणजे आपला दुस्, पेरी म्हणजे परि, हायपर म्हणजे उपरि, हायपो म्हणजे उप. ‘एन्टेर’ आंत्राचा भाऊ, ‘ऑस्टिओ’ अस्थीचा, ‘ओनिक’ नखाचा. नखाच्या कडेला सूज येऊन ठणकणारं नखुर्डं म्हणजे पॅरोनिकिया: पॅरा, बाजूला, ओनिक, नख.

नाशिककराची खरी मिजास मात्र द्राक्षात. ग्रीकमध्ये ‘स्टॅफिली’ म्हणजे द्राक्षांचा घड, ‘कोकस’ म्हणजे दाणा. अॅबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी पुवात दिसलेल्या जंतूला १८८२ साली स्टॅफिलोकोकस हे नाव दिलं. हा जंतू विभागताना एकाच रेषेत राहत नाही, वेगवेगळ्या दिशांनी फुटतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली घड दिसतो. स्ट्रेप्टोकोकस एकाच दिशेने फुटतो, त्याची माळ होते. घशातल्या पडजिभेचं नाव युव्ह्युला, लॅटिनमध्ये चिमुकलं द्राक्ष. डोळ्याच्या मधल्या थराचं युव्हिया हे नावही द्राक्षावरूनच. आणि स्वादुपिंडात पाचक रस तयार करणाऱ्या पेशींच्या बारीक पुंजक्याला अॅसिनस म्हणतात, म्हणजे दिंडोरी-निफाडचा बागायतदार ज्याला मणी म्हणतो तोच. नाव ठेवणाऱ्यांना शरीरात जागोजागी बाग दिसली असावी. तीळही आहे: सेसमॉइड म्हणजे तिळासारखं हाड. गुडघ्याची वाटी हे त्या जातीतलं सगळ्यात मोठं. एवढा तीळ संक्रांतीला कोण वाटणार!

एवढं जमलं की अंगात वारं शिरतं, आणि नेमक्या चुका इथेच होतात. ‘आयटिस’ म्हणजे जंतुसंसर्ग असं पुष्कळजण धरून चालतात. तो फक्त दाह सांगतो, कारण सांगत नाही. अॅलर्जीनेही राइनायटिस होतो, तिथे अँटिबायोटिकचं काही काम नाही. ‘ओमा’ म्हणजे गाठ, तो दिसला की घरच्यांचा चेहरा उतरतो, पण हिमॅटोमा म्हणजे साकळलेल्या रक्ताचा गोळा, आणि ग्लॉकोमात, म्हणजे काचबिंदूत, तर गाठच नसते. उलट लिम्फोमा ऐकायला मवाळ, असतो कर्करोग. ‘टॉमी’ म्हणजे छेद, ‘एक्टॉमी’ म्हणजे काढणं, ‘स्टॉमी’ म्हणजे बाहेर तोंड करून ठेवणं. या तिघांचा घोळ झाला तर कोलोस्टॉमीची पिशवी लावलेल्या पेशंटला आतडं पूर्ण काढलं असं सांगितलं जाईल. मायलो हा तर दुतोंडी: कधी हाडातली मज्जा, कधी मज्जारज्जू. वाक्य पाहिल्याशिवाय ठरवू नये.

सगळ्यात धोक्याची जोडी हायपर आणि हायपो. फोनवर शेवटचं अक्षर विरतं. हायपरग्लायसेमियात रक्तातली साखर वाढलेली, हायपोग्लायसेमियात डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेलेली, आणि उपाय नेमके उलटे: एकाला इन्सुलिन लागेल, दुसऱ्याला तातडीने साखर. म्हणून तोंडी निरोप देताना ‘साखर कमी, ५२’ असा आकडा सांगावा. भाषाज्ञान मिरवायची ती जागा नव्हे.

शिकायची रीत साधी. एका दिवशी एकच प्रत्यय घ्यावा आणि त्यासमोर दहा अवयव लावावेत. दहा प्रत्यय एकदम घेतले की सगळ्यांची खिचडी. मुंबई नाक्यापासून शरणपूर रोडपर्यंत दवाखान्यांच्या पाट्या वाचत गेलं तरी फुकटात उजळणी होते. वही मात्र दोन्ही लिप्यांत ठेवावी. नितंबाचं वरचं हाड इलियम, आणि लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम. रोमनमध्ये फरक एका अक्षराचा, हाडाला ‘आय’ आणि आतड्याला ‘ई’, उच्चार सारखा. देवनागरी इथे हात टेकते.