बोथट सुऱ्या घेऊन या

खंडेनवमीला आमच्या स्काउट दलाची लोखंडी पेटी उघडली. दरवर्षी त्या दिवशी हत्यारं पुसायची, हळद-कुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा आणि पुन्हा पेटी बंद. यंदा पुसता पुसता नीट बघितलं तर सहा चाकूंपैकी एकालाही धार नव्हती, आणि तीन हातकुऱ्हाडींपैकी एकीचं पातं दांड्यावर हलत होतं. डिसेंबरात इंदूरजवळच्या चोरलला शिबिर. या अवस्थेत ही हत्यारं मुलांच्या हातात द्यायची नाहीत, हे तिथेच ठरलं. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, जोर लावला की तो सटकतो, आणि सटकला की कुठे लागेल याचा नेम नाही.

आधी सोपा रस्ता धरला. दोन चाकू धार लावणाऱ्याकडे दिले. त्याने ते फिरत्या सराणीवर कोरडेच दाबून धरले, ठिणग्या उडाल्या, पाच मिनिटांत काम झालं. घरी येऊन बघतो तर टोकाजवळची कड निळी पडलेली. म्हणजे पातं इतकं तापलं की पोलादाचं पाणीच उतरलं. अशी कड मऊ पडते, टिकत नाही. फार वाईट वाटलं. मग ठरवलं, धार आपणच लावायची, मुलांच्या हातून, दगडावर.

पण सहा चाकूंवर चौदा मुलं शिकणार कशी? म्हणून आमच्या रामबाग वस्तीत घरोघरी निरोप दिला : बोथट सुऱ्या, विळ्या घेऊन या, धार लावून देऊ. ७ नोव्हेंबर हा भारत स्काउट्स आणि गाइड्सचा स्थापना दिवस, १९५० साली याच दिवशी संस्था उभी राहिली. तोवर सगळं परत करायचं. अट एकच, हत्यार आणायचं आणि न्यायचं ते घरातल्या मोठ्या माणसाने. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत, हे मला ठाऊक आहे. पण बारा वर्षांच्या मुलावर रस्त्यात हे समजावून सांगायची वेळच का आणायची?

पहिल्याच रविवारी तेवीस सुऱ्या, पाच विळ्या, एक कोयता आणि एक अडकित्ता जमला. टोळीनायकाने वहीत प्रत्येकाची नोंद केली : कोणाचं, मूठ कशी, पात्याला खाच आहे का. लोहारपट्टीतून कार्बोरंडमचे तीन दगड आणले, एक बाजू जाड, एक बारीक. दोन कानशी घेतल्या.

सुरी कशी द्यायची यावरून मुलांत वाद झाला. मी शिकवलं होतं की मूठ समोरच्याकडे करून द्यावी आणि तो ‘घेतला’ म्हणेपर्यंत सोडू नये. एकजण म्हणाला, “सर, आजी म्हणते सुरी हातात देऊच नये, भांडण होतं. खाली ठेवावी, समोरच्याने उचलावी.” मी विचार केला, आजीचंच बरोबर आहे. दोन हात एका पात्यावर येतच नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे हाच नियम.

धारेचा कोन मुलांना कागदावर दाखवला. कागदाचा कोपरा ९० अंशांचा. एकदा दुमडला की ४५, पुन्हा दुमडला की साडेबावीस. ती पाचर दगडाशेजारी ठेवायची आणि पातं तेवढंच कलतं धरायचं. शिबिराच्या चाकूला हा कोन चांगला, स्वयंपाकघरातल्या सुरीला थोडा कमी. दगड ओला ठेवायचा आणि एकाच बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला कडेवर धातूची खरखर येईपर्यंत. ती आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. बहुतेक जण इथेच घाई करतात. आमचा सगळ्यात धाकटा, अकरा वर्षांचा, वीस मिनिटं मान वर न करता घासत होता. मग अंगठा पात्यावर आडवा, पाठीकडून कडेबाहेर फिरवला आणि ओरडला, “सर, आली! खरखरतंय!” दुसरी बाजू झाली, शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा वेळा ओढलं, आणि वर्तमानपत्राचा कागद सरळ कापला गेला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. (एकाने अंगठा कडेच्या लांबीने फिरवला आणि कापून घेतला. पट्टीने भागलं.)

विळीपाशी मात्र मी अडलो. वाकडं पातं दगडावर बसेना. जिची विळी, त्या आजी तिथेच होत्या. म्हणाल्या, “अरे बाळा, विळी कशाला हलवतोस? दगड हलव.” खाली बसल्या, पाटावर पाय ठेवला आणि दगडाचा तुकडा पात्याच्या बाकाबरोबर हलकेच वर नेला. सुरीला दगड स्थिर, विळीला पातं स्थिर.

कुऱ्हाडीलाही तेच. ती शिकंज्यात घट्ट आवळली, हातात जाड मोजे, कडेला स्केचपेनची शाई फासली. शाई जिथे निघते तिथेच कानस लागतेय. कानस पुढे जातानाच कापते, मागे आणताना उचलायची. शेवटी बारीक दगड गोल गोल फिरवला.

हलणाऱ्या पात्याची चूक माझीच. गेल्या वर्षी सैल वाटलं म्हणून रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं होतं. लाकूड फुगलं, घट्ट झालं, आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल. आता जुनी पाचर काढली, बाभळीची नवी ठोकली आणि दांड्याला कच्चं अळशीचं तेल चोळलं. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकायच्या नाहीत, आपोआप पेटू शकतात. दोरीवर सुट्या वाळत घातल्या.

निळी कड दगडावर घासून घालवायला दोन रविवार गेले. ७ तारखेला घरोघरीची हत्यारं कागदात गुंडाळून परत दिली. चोरलला सहा चाकू जातील आणि दोनच कुऱ्हाडी. तिसरीचा गंज खरवडल्यावर दांड्याच्या भोकाशी केसाएवढा तडा दिसला. मी काही बोलायच्या आत टोळीनायकाने वहीत तिच्यापुढे ‘बाद’ असं लिहिलं होतं.