मॉनिटर म्हणतो ८० टक्के: अकरा दिवसांची शिडाची सफर आणि बॅटरी बँक

दुपारी बाराला निघालो. दुसऱ्या रात्री अडीच वाजता ऑटोपायलट चिरकला आणि त्याने सुकाणू सोडून दिलं. बोट वाऱ्याकडे वळली, शिडं फडफडू लागली. पाळीवर मीच होतो. एका हाताने सुकाणू धरून बॅटरीत किती चार्ज उरला ते दाखवणारा मॉनिटर पाहिला, ८० टक्के. सोबत्याला उठवून बॅटरीवर मल्टिमीटर लावायला सांगितलं, ११.८ व्होल्ट, १२ व्होल्टच्या बँकेला फारच कमी. दोघांपैकी एक खोटं बोलत होता, आणि तो मल्टिमीटर नव्हता.

बोट दहा मीटरची. फ्रिज, दिवे, यंत्रं चालवणारी हाउस बँक म्हणजे ६ व्होल्टच्या, २२० अ‍ॅम्पिअर-तासांच्या चार पाण्याच्या (डिस्टिल्ड वॉटर घालाव्या लागणाऱ्या लेड-अ‍ॅसिड) बॅटऱ्या. दोन-दोन सिरीजमध्ये, दोन्ही जोड्या पॅरलल. कागदावर ४४० अ‍ॅम्पिअर-तास. लेड-अ‍ॅसिड टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरायचं नाही, म्हणजे वापरायला २२०. इंजिन स्टार्ट करायची बॅटरी वेगळी होती, म्हणून त्या रात्री इंजिन तरी लागलं. नव्याने बोट घेणाऱ्यांनी ही वेगळी बॅटरी आधी बघावी, बाकीचं नंतर.

निघण्यापूर्वी खर्च मांडला होता. चालत्या बोटीवर दिवसाला ऑटोपायलट ७०, फ्रिज ५५, प्लॉटर (नकाशाचा पडदा) आणि इतर यंत्रं ४०, दिवे-रेडिओ-फोन २०, एकूण १८५ अ‍ॅम्पिअर-तास. सोलरकडून चांगल्या उन्हात ८०. दीड दिवस आरामात निघायला हवा होता. मग चुकलं कुठे?

सकाळी तळाची फळी उघडून वायर एकेक करून बोटाने चाचपत गेलो. फ्रिजची निगेटिव्ह वायर शंटच्या (निगेटिव्ह केबलमध्ये बसवलेल्या, करंट मोजायच्या पट्टीच्या) पलीकडे न जाता थेट बॅटरीच्या टर्मिनलवर आवळलेली होती. मॉनिटर फक्त शंटमधून गेलेला करंट मोजतो. फ्रिजने अडतीस तासांत जवळजवळ ९० अ‍ॅम्पिअर-तास खाल्ले, त्याच्या वहीत एकही नोंद नाही. वायर मीच लावली होती, गेल्या वर्षी, घाईत. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर शंटची एकच केबल असावी, दुसरं काहीही नाही. आपल्या बोटीवर आजच फळी उघडून बघा. एवढं एक काम केलंत तरी हा लेख लिहिल्याचं सार्थक.

पण फ्रिज धरूनही बँक ६० टक्क्यांवर असायला हवी होती, व्होल्टेज मात्र बरंच खाली. तिसऱ्या दिवशी नांगर टाकल्यावर हायड्रोमीटर काढला. सेलमधल्या आम्लाच्या घनतेवरून तो चार्ज सांगतो. इंजिन तीन तास चालवूनही एका जोडीत १.१९०, दुसरीत १.२२५, पूर्ण भरलेल्या सेलला साधारण १.२६५ यायला हवं. दोष दोन होते. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही मुख्य केबल एकाच जोडीवरून काढल्या होत्या, त्यामुळे जवळची जोडी राबत होती आणि लांबची आळशी बसली होती. पॉझिटिव्ह एका टोकाच्या जोडीवरून, निगेटिव्ह दुसऱ्या टोकाच्या जोडीवरून काढा. पाना लागतो आणि वीस मिनिटं.

दुसरा दोष सवयीचा. मोसमभर मी रोज तासभर इंजिन चालवून समाधान मानत होतो. लेड-अ‍ॅसिड ८० टक्क्यांपर्यंत भराभर घेते, शेवटच्या वीस टक्क्यांना मात्र कित्येक तास लावते. तेवढं पोट कधी भरलंच नाही तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ४४० ची बँक गुपचूप ३०० ची होते. त्यावर उपाय सोलर, कारण तो दुपारभर सावकाश भरत राहतो. पॅनलवर बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली पडू देऊ नका. छोटीशी सावलीही बरंच उत्पादन खाते.

परतल्यावर किनाऱ्याच्या विजेवर इक्वलाइज केलं, म्हणजे सल्फेट सुटावं म्हणून मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज केलं, १५.५ व्होल्टवर, बाकी सगळी यंत्रं तोडून आणि बोटीच्या हॅच उघड्या ठेवून, कारण हायड्रोजन निघतो. हे फक्त पाण्याच्या बॅटरीला. जेल आणि लिथियमला कधीच नाही. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर घाला. आधी घालायचं ते फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर, बुडतील इतकंच.

लिथियम घ्यावं का, हे सगळेच विचारतात. किनाऱ्यावर वीज जोडून शनिवार-रविवारी फिरणाऱ्याला माझ्या मते गरज नाही. नांगरावर आठवडेच्या आठवडे राहणाऱ्याने घ्यावं. अर्धवट भरलेलं राहिलं तरी लिथियम आयर्न फॉस्फेटचं बिघडत नाही, ८० टक्के खुशाल वापरता येतं आणि वजन निम्म्याहून कमी. मात्र नुसती बॅटरी बदलून भागत नाही. ती करंट इतका ओढते की इंजिनवरचा साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो, आणि बीएमएसने (बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने) चालू चार्जिंगमध्ये अचानक तोडलं तर त्याचे डायोड जातात. मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर घाला, बॅटरीलगत क्लास टी फ्यूज (शॉर्ट सर्किटचा प्रचंड करंटही तोडणारा) लावा, शून्य अंशाखाली चार्ज करू नका. व्होल्टेजवरून तिची पातळी कळत नाही, तेव्हा शंट नीट जोडलेला हवाच.

कुठलीही घ्या, पट्ट्याने अशी बांधा की बोट कलंडली तरी हलणार नाही. आणि लेड-अ‍ॅसिडपर्यंत समुद्राचं पाणी पोचू देऊ नका. क्लोरीन वायू तयार होतो.

परतीचा टप्पा तेवढाच होता. फ्रिज रात्री बंद ठेवला, दुपारी दोन तास इंजिन चालवलं. अडीच वाजता मॉनिटर ६६, मल्टिमीटर १२.२. पाळी सोबत्याकडे देऊन झोपलो.