'कँडललँड' पुन्हा ऐकताना

१४ जून, रात्री साडेअकरा

पीट डी फ्रेटास गेला तो आजचाच दिवस. १९८९ साली मोटारसायकलच्या अपघातात तो गेला तेव्हा अवघ्या २७ वर्षांचा होता. लिव्हरपूलच्या 'इको अँड द बनीमेन' या बँडमध्ये तो ड्रम्स वाजवत असे. दर वर्षी या तारखेला मी त्यांचा एखादा अल्बम लावतो आणि बहुधा तो 'ओशन रेन' असतो. आज मात्र मी मुद्दाम 'कँडललँड' काढला. त्यांचा गायक इयान मॅक्कलॉक याचा हा एकट्याचा पहिला अल्बम पीटच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये आला होता, आणि त्याच्याविषयी मनात इतकी वर्षे राहून गेलेली खंत मला एकदा नीट लिहून काढायची होती.

मावसभावाने १९९० च्या दिवाळीत लंडनहून येताना माझ्यासाठी ही कॅसेट आणली होती. तेव्हा बनीमेनचा 'पॉर्क्युपाइन' हा अल्बम मला जवळजवळ तोंडपाठ होता. त्यातले 'द कटर' हे गाणे १९८३ च्या जानेवारीत ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेले होते, आणि त्याच्या अगदी सुरुवातीला जे व्हायोलिन मींड घेत अंगावर येते, ते आपल्या एल. शंकर यांचे आहे हे कळल्यावर तर त्या बँडशी माझे काही नातेच लागते असे मला वाटू लागले होते. त्यामुळे नव्या कॅसेटचे वेष्टन फोडताना मी हरखून गेलो होतो. पहिली बाजू संपली, मी कॅसेट उलटली, दुसरीही संपली, आणि कुठेही काही चुकलेले नसताना मला काहीतरी हरवल्यासारखे वाटत राहिले. काय हरवले आहे, हे त्या वयात सांगता आले नसते.

आज ते सांगता येते असे वाटते. 'द कटर' मध्ये मॅक्कलॉकला गाण्यासाठी कोणी जागा करून देत नाही. व्हायोलिन एकीकडे ओढते, विल सार्जंटची गिटार धारदार, तुटक फटकारे मारते, लेस पॅटिन्सनचा बास स्वतःचीच चाल धरून चालतो आणि खाली पीटचे ड्रम्स उसंत घेऊ देत नाहीत. या सगळ्यातून वाट काढत आवाजाला वर चढावे लागते, म्हणूनच शेवटाकडे तो मोकळा होऊन पसरतो तेव्हा अंगावर काटा येतो. आपल्याकडेही साथीदार नुसता गायकाच्या मागून चालला की गाणे पडते. तबलजी मध्येच एखादी लग्गी टाकतो, पेटीवाला एखादी जागा अडवून धरतो, तेव्हा गायकाला नवे काही सुचते. 'कँडललँड' मध्ये अडवणारे कोणी नाही. निर्माता रे शुलमन हा पूर्वी 'जेंटल जायंट' सारख्या अवघड बँडमध्ये वाजवलेला पट्टीचा वादक होता आणि त्याने कीबोर्डचे मऊ थर फार निगुतीने घातले आहेत. परंतु प्रत्येक थर आवाजाच्या मागे अदबीने उभा राहतो. 'फेथ अँड हीलिंग' हे गाणे तर इतके 'न्यू ऑर्डर' या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताच्या बँडच्या वळणाने जाते की तिथे गायक पाहुणा वाटतो. 'प्राउड टू फॉल' ची चाल देखणी आहे आणि अमेरिकेच्या मॉडर्न रॉक यादीत ते गाणे पहिले आले, तेही योग्यच झाले. तरी त्यातली गिटार ऐकताना मला दर वेळी वाटते की हीच ओळ सार्जंटने जरा वाकडी करून वाजवली असती.

हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण हा अल्बम ज्या काळात घडला तो काळ मला ठाऊक आहे. १९८८ मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना वडील अत्यवस्थ असल्याचे कळून मॅक्कलॉक घरी निघाला आणि तो पोचण्यापूर्वीच ते गेले. त्याच वर्षी त्याने बँड सोडला. पुढच्या जूनमध्ये पीट गेला. त्या शोकाची सावली या दहाही गाण्यांवर आहे आणि तो शोक खरा आहे, याबद्दल मला कधीच शंका आली नाही. माझे वडील गेले त्या वर्षी मी हा अल्बम अनेक रात्री ऐकला आणि त्याने मला सोबतही केली. तरीही ऐकून झाल्यावर पहिली खंत पुसली गेली नाही. उलट, दुःख इतके मोठे असताना त्याला इतके गुळगुळीत संगीत का दिले, याचे वाईट अधिकच वाटले. ज्या माणसाने बनीमेनच्या 'हेवन अप हिअर' या अल्बममध्ये विशीच्या उंबरठ्यावरची नुसती अस्वस्थता एवढ्या धगीने गायली, त्याच्याकडून तिशीतल्या खऱ्या आघातावर याहून मोठे काही ऐकण्याची अपेक्षा ठेवली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

बँडनेही त्याच्याविना एक अल्बम काढून पाहिला. नोएल बर्क या दुसऱ्या गायकाला घेऊन केलेला १९९० चा 'रिव्हर्बरेशन' मी दोनदाच ऐकला. तिथे वाद घालणारी गिटार आहे, परंतु तिला उत्तर देणारा हा आवाज नाही. मॅक्कलॉक आणि सार्जंट पुन्हा एकत्र आले आणि १९९७ मध्ये बनीमेन याच नावाने परतले, तेव्हा मला घरातली माणसे समेट करून जेवायला बसल्यासारखा आनंद झाला होता.

आज दुसऱ्यांदा ऐकताना शीर्षकगीतापाशी मात्र थांबलो. 'कॉक्टो ट्विन्स' या बँडची गायिका एलिझाबेथ फ्रेझर तिथे त्याच्यासोबत गाते. तिचा आवाज त्याच्या मागे उभा राहत नाही; तो वरून, थोडा बाजूने येतो, त्याच्या जड, खर्जाकडे झुकलेल्या स्वरांना हलकेच वर उचलतो, आणि त्या तेवढ्या वेळात मॅक्कलॉक पुन्हा कोणाचे तरी ऐकत गातो आहे असे जाणवते. मी ते गाणे तीन वेळा लावले. घरातले सगळे झोपले आहेत, म्हणून आवाज अगदी लहान ठेवला होता, तरी तिचा स्वर नेमका कुठे येऊन मिळतो ते स्पष्ट ऐकू येत होते. आता 'ओशन रेन' लावतो आहे, पीटच्या ड्रम्ससाठी.