काळ्या नखांचा कुळीथ

आमच्या कुळीथची अठराच्या अठरा नखं काळी आहेत. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना चार-चार. तो डॅशंड जातीचा कुत्रा आहे, रंगाने अगदी कुळथासारखा, म्हणून ते नाव. पांढऱ्या नखांच्या कुत्र्याचं बरं असतं. नख उजेडात धरलं की आतला गुलाबी भाग दिसतो आणि कुठे थांबायचं ते कळतं. त्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते आणि संवेदनाही असते. डॉक्टर त्याला क्विक म्हणतात. काळ्या नखात तो दिसतच नाही. त्यामुळेच बरेच जण घाबरून नखं कापणं टाळतात आणि ती वाढत राहतात.

नखं वाढलेली चालतात असं मात्र कुणी समजू नये. उभं राहिल्यावर नख जमिनीला टेकलं की बोट वर ढकललं जातं आणि कुत्रा पाऊल वेगळं टाकायला लागतो. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर पकड येते ती पंज्याच्या गादीमुळे. नखांवर चालणारा कुत्रा तिथे घसरतो. डॅशंडच्या बाबतीत मी याला फार जपते, कारण लांब पाठ आणि आखूड पाय असलेल्या या जातीत मणक्यातल्या चकत्यांचा त्रास खूप आढळतो. एकदा वाईट घसरला की ते महागात पडू शकतं. शिवाय ही जात मुळात जर्मनीत बिळं उकरून बॅजरची शिकार करण्यासाठी तयार झाली, त्यामुळे पुढचे पंजे मोठे आणि नखं दणकट. आम्ही ठाण्यात राहतो. पावसाळ्यात फिरणं कमी होतं, डांबरावर घासून झिजायची ती नखं झिजत नाहीत, आणि जुलैच्या शेवटाला घरभर टकटक ऐकू येते.

सुरुवातीला आम्ही त्याला एका ग्रूमिंग पार्लरमध्ये नेत होतो. तिथे त्याला दोघं दाबून धरायचे आणि तिसरा भराभर नखं उडवायचा. काम पाच मिनिटांत व्हायचं, पण नंतर कितीतरी दिवस तो कुणाला पंजाला हात लावू द्यायचा नाही. घाबरलेला कुत्रा दाबून धरला की तो शांत होत नाही, पुढच्या वेळी जास्त जोर लावतो. हे मला पटलं आणि आम्ही घरीच करायचं ठरवलं.

पहिले काही आठवडे एकही नख कापलं नाही. संध्याकाळी तो मांडीवर लवंडला की खांद्यावरून हात खाली न्यायचा, पंजा क्षणभर धरायचा, सोडायचा आणि बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा कण द्यायचा. आधी पंजा, मग खाऊ, हा क्रम पक्का ठेवायचा. मग एकेक बोट हलकेच दाबून नख बाहेर काढून बघायचं. क्लिपर त्याच्या जेवणाच्या भांड्याशेजारी नुसता पडलेला असायचा. आवाजाची सवय मी खराट्याच्या हिरांनी लावली. क्लिपरने हीर कापला की होणारा ‘कट्’ नखाच्या आवाजाच्या बराच जवळ जातो. एक हीर, एक तुकडा चिकन. पुढे पुढे तो आवाज आला की कुळीथ स्वतःच येऊन समोर बसायला लागला. तेव्हा मी पहिलं नख कापलं, तेही एकच.

क्लिपर लहान कुत्र्यांचा, कात्रीच्या घडणीचा घ्यावा. माणसांचा नेलकटर नको. आपलं नख चपटं असतं, कुत्र्याचं गोल, त्यामुळे नेलकटरमध्ये ते दोन बाजूंनी चेपतं आणि फाटू शकतं. बोथट क्लिपरही तेच करतो आणि ते चेपणंच कुत्र्याला दुखतं, म्हणून पात्याची धार सांभाळावी. काही क्लिपरना ‘सेफ्टी गार्ड’ नावाची पट्टी असते. तिच्यावर मी अजिबात विसंबत नाही. तुमच्या कुत्र्याचा क्विक कुठवर आलाय हे त्या पट्टीला कसं कळणार?

आता मुख्य काम. आम्ही दुपारी गॅलरीत बसतो, तिथे उजेड भरपूर. जमिनीवर योगा मॅट, त्यावर तो. टेबलावर नाही, कारण तिथून उडी मारली तर पाठीचं काय होईल सांगता येत नाही. त्याला उचलताना एक हात छातीखाली आणि एक हात ढुंगणाखाली. पुढच्या बगलांत हात घालून लोंबकळत उचलणं डॅशंडला कधीही करू नये. पंजा धरताना पायाच्या नैसर्गिक दिशेतच धरायचा, बाजूला ओढायचा नाही. बऱ्याच कुत्र्यांना नख कापण्यापेक्षा हे ओढणंच जास्त नकोसं वाटतं.

काळं नख खालच्या बाजूने बघायचं. टोकाशी खाली एक पोकळ पन्हळ दिसते. ते टोक निर्जीव असतं, तिथून सुरुवात करायची. एका वेळी जेमतेम एक मिलिमीटरची चकती. प्रत्येक चकतीनंतर कापलेला भाग समोरून बघायचा. आधी तो कोरडा, खडूसारखा पांढुरका दिसतो. जसजसा क्विक जवळ येतो तसतसा मधोमध एक गडद, ओलसर ठिपका दिसायला लागतो. तो दिसला की थांबायचं. आणखी थोडं चालेल, हा मोह तिथेच सोडायचा. राहिलेला खरखरीत कडा कानशीने घासून घेतला की पुरतं.

पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला वर जे नख असतं, ड्यू क्लॉ, त्याला विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजतही नाही. आमच्या इमारतीतल्या एका म्हाताऱ्या पॉमेरेनियनचं ते नख गोल वळून कातडीत शिरलं होतं आणि केसांत दडल्यामुळे तो लंगडायला लागेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शिह त्झू, ल्हासा, पॉम असे केसाळ पाहुणे घरात असतील तर बोटं केसांतून चाचपून मोजा.

माझ्या शेजारी सासूबाई बसतात, चिकनची वाटी घेऊन. खरं तर त्यांचं काम वाटीपेक्षा मोठं आहे. माझी नजर नखावर असते, त्यांची त्याच्या तोंडावर. जांभई, नाकावरून फिरणारी जीभ, वळवलेली मान, डोळ्याचा दिसणारा पांढरा भाग, ताठलेलं अंग. गुरगुरण्याच्या कितीतरी आधी कुत्रा हे सगळं बोलून दाखवतो. “अगं थांब, जीभ फिरवली त्यानं,” असं त्या म्हणाल्या की मी क्लिपर खाली ठेवते. त्या दिवशी दोन नखं झाली असतील तर दोनच. उरलेली उद्या. सगळी एका बैठकीत झालीच पाहिजेत असं कुणी सांगितलंय?

थोडं आणि वारंवार, हे मी डॅशंड नसलेल्यांनाही सांगते. दर दोन-तीन आठवड्यांनी टोक उतरवत राहिलं तर क्विक हळूहळू मागे सरकतो. फार वाढलेल्या नखात क्विकही पुढे आलेला असतो, त्यामुळे अशी नखं एकदम ‘बरोबर मापाची’ करायला जाऊ नये. त्याला काही महिने द्यावे लागतात.

तयारी म्हणून हाताशी स्टिप्टिक पावडर, म्हणजे रक्त थांबवणारी भुकटी, ठेवा. ती मेडिकलमध्ये किंवा पेट शॉपमध्ये मिळते. नसेल तर कॉर्नफ्लोर चालतं. रक्त आलं तर नखाच्या टोकावर ते दाबून दोन-तीन मिनिटं धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. नंतर थोडा वेळ त्याला पळू देऊ नये. साधारणपणे एवढ्यावर थांबतं. वीसेक मिनिटांनंतरही थांबलं नाही तर डॉक्टर गाठा. आपल्याकडे गोचीड ताप भरपूर आणि त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स उतरतात. कुत्रा मरगळलेला असेल, जेवत नसेल, अंगावर गोचिडी सापडल्या असतील, तर नखं राहू द्या आणि आधी रक्ताची तपासणी करून घ्या. दुखतंय म्हणून आपली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम मात्र मुळीच देऊ नका. या गोळ्या कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

ग्राइंडरबद्दल, म्हणजे नखं घासायच्या छोट्या यंत्राबद्दल, बरेच जण विचारतात. काळ्या नखांसाठी तो चांगला, कारण थोडं थोडं घासता येतं. पण एकाच जागी धरून ठेवला तर नख तापतं, म्हणून सेकंद-दोन सेकंदच टेकवायचा. लांब केस त्यात गुंतू नयेत म्हणून ते आधी बाजूला करून घट्ट धरायचे. कुळीथला त्याची घरघर अजून आवडत नाही, म्हणून आमच्याकडे कानसच चालते.

आणि ज्यांचा कुत्रा पंजा बघताच चावायला येतो, त्यांनी घरी हट्टाने सुरुवात करू नये. पशुवैद्यांना सगळं सांगा. अशा कुत्र्यांसाठी भेटीआधी द्यायची भीती कमी करणारी औषधं असतात, ती त्यांच्याच सल्ल्याने. नखं त्यांच्याकडे कापून घ्या आणि घरी नुसतं खांद्यावरून हात खाली न्यायला सुरुवात करा, क्लिपर न काढता.