हळदी रंगाची एमजीबी आणि व्हॉट्सॲपवरचे काका

गेले चार महिने रात्री जेवणं झाली की मी एकच काम करतोय, जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघणे. बायको म्हणते लग्न ठरताना तू माझा फोटोसुद्धा इतका झूम करून बघितला नसशील. खरंय, पण तिला खालून गंज लागलेला असायची भीती नव्हती ना (हे तिला सांगितलेलं नाही, तुम्हीपण सांगू नका).

मला हवी होती एमजीबी जीटी, म्हणजे पक्क्या छताची एमजीबी. घरी फोनवर सांगितलं तर आईला वाटलं हेक्टर घेतोय, कारण रत्नागिरीत आता एमजी म्हणजे हेक्टर. मी म्हटलं अगं नाही, ही जुनी, इंग्लंडमधलीच, ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डनला १९६५ ते १९८० बनत होती, दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची. आई म्हणाली मग नवी का नाही घेत. या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाहीये.

जाहिरातींत पहिला शब्द हमखास "दुर्मिळ" असतो. तर एमजीबी सगळे प्रकार धरून पाच लाखांच्या वर बनल्या, आणि इथे इंग्लंडात शनिवारी चांगलं ऊन पडलं की गावागावात एकतरी दिसतेच. त्यामुळे दुर्मिळ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला मी पहिल्याच ओळीत सोडून देतो. उलट ती दुर्मिळ नाही हीच तिची मजा आहे, जवळपास प्रत्येक पार्ट आजही नवा मिळतो, कार्बोरेटरच्या किटपासून अख्ख्या बॉडी शेलपर्यंत.

आता काका. माझ्या काकांचं रत्नागिरीत गॅरेज होतं, आयुष्यभर टॅक्सीच्या ॲम्बेसिडर उघडल्या. गंमत अशी की पेट्रोल ॲम्बेसिडरचं १४८९ सीसी इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन एकाच घराण्यातली, दोन्ही बीएमसीची (मुंबईची पालिका नव्हे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज. म्हणजे मी इंग्लंडमध्ये बसून इंग्लंडची गाडी घेणार आणि तिच्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळणारा माणूस मिऱ्याच्या वाऱ्यावर झोपाळ्यावर बसलेला. आणि गंज म्हणाल तर समुद्राकाठी गॅरेज चालवलेल्या माणसाला त्याबद्दल काय सांगायचं. इथे समुद्र लांब असला तरी हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे स्वतःच्या हातानं खारं वारं करून घेतात."

फेब्रुवारीत एक दिसली. १९७२ ची, हळदीच्या रंगाची, क्रोमचे बंपर (१९७४ नंतर अमेरिकेच्या नियमांमुळे काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवली, म्हणून क्रोमवाल्यांना भाव जास्त). नवा पेंट, नवं लेदर, चाळीस फोटो, आठ हजार पाउंड. मी रात्री अकराला लिंक काकांना पाठवली, तिकडे पहाटेचे साडेचार, मला वाटलं सकाळी बघतील. दहा मिनिटांत फोन.

"अरे मेल्या, पाऊस कुठे पडलाय?"

"कसला पाऊस काका?"

"गाडी बघ. ओली आहे. आणि मागचं अंगण बघ, ठणठणीत कोरडं. पाइप मारून फोटो काढलेत."

मी परत बघितलं. खरंच, बॉनेटवर पाण्याचे थेंब चमकतायत आणि मागच्या विटांवर धूळ. ओल्या गाडीवर सगळेच पेंट चकचकीत दिसतात, कुठे पुट्टी बसलीय, कुठे रंगाची छटा बदललीय, काही कळत नाही. चाळीस फोटो बघून मला जे दिसलं नाही ते त्यांनी एका फोटोत बघितलं, तेही चष्म्याची एक काडी तुटलेली असताना.

मग त्यांनी विचारलं खालचे फोटो कुठायत. चाळीसमध्ये खालचा एकच होता आणि त्यात सगळं नव्या काळ्या डांबरी कोटिंगखाली. काका म्हणाले, नवं काळं म्हणजे कोणीतरी काहीतरी झाकलंय असं धरून चाल, नसेल तर नशीब.

एमजीबी घेताना खरा प्रश्न इथेच आहे म्हणून जरा थांबतो. हिला वेगळी चासी नाहीये, बॉडी हीच चासी. दाराखालचा तो लांब पत्र्याचा खोका, ज्याला इथे सिल म्हणतात, तो दिसायला पट्टी वाटतो पण गाडीचा कणा तोच. तो आतून थरांचा आहे, बाहेरचा पत्रा, मधला, आतला, आणि खाली अजून एक. गंज सुरू होतो आतून, बाहेर फोड दिसतो तेव्हा आतलं बरंचसं गेलेलं असतं. नीट काम करायचं तर पुढच्या आणि मागच्या पंख्याचा, म्हणजे मडगार्डचा, खालचा तुकडा कापावा लागतो कारण सिल त्यांच्या मागे जातं. आळशी काम म्हणजे जुन्या सडक्या सिलवर नवा पत्रा चढवून वेल्ड करायचा आणि पेंट मारायचा. वर्षभर छान दिसतं. मी एका वेल्डरला विचारलं, दोन्ही बाजू नीट करायचे त्याने मला चार हजाराच्या वर सांगितले. म्हणजे आठ हजारांची गाडी बारा हजारांची झाली, आणि अजून पेट्रोल टाकलेलं नाही.

तर मी विक्रेत्याला तीन गोष्टी मागितल्या. दाराच्या फटीत वरती आणि खालती तेच नाणं ठेवून फोटो (गाडी मधून बसली असेल तर वरची फट आवळते), एका बाजूने जॅकवर उचलून दार उघड-बंद करतानाचा व्हिडिओ (सिल मेलेलं असेल तर दार अडकतं), आणि थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ, आधी तापमानाचा काटा दाखवून.

तिसरी लगेच आली. फक्त काटा दाखवला नव्हता. काकांनी आवाज ऐकला आणि पहिल्यांदाच खूश झाले, "ही तर आपली ॲम्बेसिडर रे!" मी म्हटलं काका टॅपेट (व्हॉल्व उघडणारे भाग) वाजतायत ना. तर म्हणाले वाजू देत, वाजणारे टॅपेट बरे, गुपचूप असले की व्हॉल्व जळतो. पण मग लगेच, "गरम इंजिन आहे. थंड असतं तर चोक ओढायला लागला असता, बघ, हात डायरेक्ट चावीवर गेला." कसं बघतात हे लोक.

दुसरी आणि पहिली आली नाहीत. आलं ते उत्तर, की गाडी जॅकवर घ्यायला माझ्याकडे सोय नाही, पण अजून दोघं इंटरेस्टेड आहेत, लवकर ठरवा. अजून दोघं नेहमीच असतात.

एवढ्यात मी एमओटीचा इतिहास काढला. भारतात राहणाऱ्यांसाठी, ही इथली वार्षिक तपासणी, आणि गाडीचा नंबर टाकला की सरकारी साइटवर २००५ पासूनचे निकाल फुकट दिसतात, किती मैल झाले, कशात नापास, कशाची ताकीद. माझ्या मते जुनी गाडी ऑनलाइन घेणाऱ्याला यासारखी दुसरी चीज नाही, विक्रेता काय बोलतो त्यापेक्षा दहा वर्षांपूर्वी एखाद्या कंटाळलेल्या तपासनिसाने काय टाइप केलं ते वाचा. यात शेवटची तपासणी होती २०१७ ची आणि त्यात ताकीद होती, डाव्या बाजूला मागच्या स्प्रिंगच्या माउंटिंगजवळ गंज. त्यानंतर काहीच नाही. कारण मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना एमओटीची सक्ती उठली. जाहिरातीत हेच मोठ्या अक्षरात होतं, "टॅक्स नाही, एमओटी नाही!" फायदा म्हणून. मला ते वाचून पोटात गोळा आला, म्हणजे २०१७ नंतर हिच्या खाली अधिकृतपणे कोणी वाकून बघितलेलंच नाही, आणि सक्ती नसली तरी करून घेता येते, पन्नास-पंचावन्न पाउंडांत, ती याने घेतली नाही.

मैलांचं पण तसंच. मीटरवर ४२ हजार. पण मीटर पाच आकडी आहे, एक लाखाला परत शून्यापासून. ४२ की १४२ हे बिलांवरूनच कळणार, आणि बिलं होती ती फक्त लेदरची.

मी सोडली. चार दिवसांत विकली गेली. एक अख्खा आठवडा मला वाटत होतं की आपण मूर्खपणा केला, काका उगाच खोट काढतात, हळदी रंग परत मिळणार नाही. बायकोने त्या आठवड्यात माझ्याशी फार प्रेमाने वागून घेतलं.

मधे ऑनलाइन लिलावांकडेही वळलो होतो. तिथे मजा येते, पण हातोडा पडलेल्या किमतीवर लिलाववाल्यांचं कमिशन, त्यावर व्हॅट, मग गाडी आणायचा ट्रक, हे सगळं धरून आकडा ठरवायचा असतो आणि रात्री दहाला शेवटच्या दोन मिनिटांत कोण धरतंय. मी धरू शकत नाही हे मला माहितीय, म्हणून लांब. डीलरकडून न बघता लांबून घेतली तर निदान चौदा दिवसांत करार रद्द करता येतो, खासगी माणसाकडून घेतली की बघितली तशी तुमची.

एप्रिलमध्ये दुसरी दिसली. पांढरी, १९७१, सहा फोटो, त्यातला एक तिरका आणि एकात विक्रेत्याचा अंगठा. सीट फाटलेली, डॅशबोर्डला भेग. पण जाहिरातीत लिहिलेलं, सिल्स २००९ मध्ये बदलली, फोटो आहेत, इंजिनातून थोडं तेल गळतं. मी काकांना पाठवली. म्हणाले, "तेल गळतं असं स्वतः लिहिलंय? मग माणूस बघायला जा."

गेलो. ट्रेनने दोन तास, खिशात टॉर्च आणि फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक, रुमालात गुंडाळून. निवृत्त शिक्षक, सत्तरीचे, त्यांनी आधी चहा दिला आणि मग टेबलावर फाइल आपटली. १९८८ पासूनची बिलं. २००९ चे फोटो, पंख्याचे तुकडे कापलेले, आतला नवा मधला पत्रा स्पष्ट दिसतोय. मी चुंबक घेऊन गाडीखाली आडवा झालो, मागच्या डाव्या चाकाच्या कमानीजवळ गणपती चिकटेना, तिथे पुट्टी आहे, तळहाताएवढी. बाकी सगळीकडे टक्क करून बसला. सीटच्या मागचे बॅटरीचे दोन डबे (दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या असतात हिला) एक ठीक, एक पोखरलेला. तिसऱ्या-चौथ्या गिअरला ओव्हरड्राइव्ह (म्हणजे वरचा जास्तीचा गिअर) लागतो, बटण दाबलं की इंजिन श्वास सोडल्यासारखं खाली येतं. गरम झाल्यावर ऑइल प्रेशर छान.

पुट्टीचं आणि बॅटरीच्या डब्याचं दाखवलं तर म्हातारा म्हणाला हो, माहितीय मला, आणि स्वतःच तीनशे कमी केले. ५,६०० ला ठरली.

परत येताना मोटरवेवर पाऊस लागला आणि वायपर बंद पडला. अर्धा तास थांबलो, तेवढ्यात काकांना व्हिडिओ कॉल लावला, बॉनेट उघडून दाखवलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसतं बघत होते. मग म्हणाले, पाने कुठले लागतात हिला? मी म्हटलं इंचीच, सात सोळांश, अर्धा, नऊ सोळांश.

पुढच्या महिन्यात शेजारच्या जोशांचा मुलगा लीड्सला आला, त्याच्या बॅगेत साबुदाण्याच्या चिकवड्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला साडेचार किलोचा पान्यांचा सेट. नऊ सोळांशवर काकांनी कधीतरी खिळ्याने कोरलेलं आहे, "परत द्या".